पिवळ्या पत्रकातल्या तपकिरी रेषा

कोंबडीच्या अंड्यात पाचव्या दिवशी काय चाललेलं असतं ते तुम्ही कधी बघितलंय, की आजवर अंडं फक्त तव्यावरच फोडलंय? ओशाळायचं कारण नाही. एकवीस वर्षांची होईपर्यंत मीही तव्यावरच फोडलं, आणि आमच्या घरी तर कोंबड्या होत्या.

घर धामणगाव बढ्याचं. गावाबाहेर आमचा भाजीचा मळा आहे. त्या वर्षी मी बुलढाण्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्रात एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्राला होते आणि प्रकल्पासाठी विषय घेतला होता वाढत्या मज्जातंतूंचा. पाचव्या दिवशी अंड्यातलं पिल्लू पिल्लासारखं दिसतही नाही. नखाएवढा वाकलेला जीव, त्याला डोळ्याचा एक भलामोठा काळा ठिपका. पण पाठीच्या कण्याच्या जागी जी नळी असते तिच्यातून तंतू बाहेर पडलेले असतात आणि पुढे जिथे पंख आणि पाय होणार त्या फुगवट्यांकडे निघालेले असतात. प्रत्येक तंतूचं टोक पंजासारखं उघडतं, आजूबाजूला चाचपतं, नको ती दिशा सोडतं आणि हव्या त्या दिशेला थोडं सरकतं. या वाढत्या तंतूंमध्ये, टोकाशी तर फारच, जीएपी-४३ नावाचं एक प्रथिन भरलेलं असतं. तंतू मुक्कामाला पोचला, जोडणी पक्की झाली, की बहुतेक ठिकाणी ते कमी होत जातं. म्हणजे ते प्रथिन जिथे दाट दिसेल तिथे समजायचं की इथे वाढ चालू आहे. शास्त्रज्ञ त्याला वाढीच्या खुणेचं प्रथिन म्हणतात. मॅडमनी, म्हणजे माझ्या मार्गदर्शक प्राध्यापिकेनं, हे वर्गात सांगितलं तेव्हा मी बाक वाजवला होता. वर्गात बाक वाजवायची पद्धत नाही, पण मला राहवलं नाही.

दुकानातली अंडी या कामाला चालत नाहीत. त्यांत जीवच नसतो, कारण त्या कोंबड्यांनी कोंबडा पाहिलेला नसतो. आमच्या आईच्या कोंबड्यांनी मात्र पाहिलेला होता, आणि तो साऱ्या आळीला माहीत होता. कॉलेजचं उबवणीचं यंत्र वीज गेली की थंड पडायचं. म्हणून मी आईच्या खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवली, प्रत्येकावर पेन्सिलीनं तारीख आणि वेळ लिहून.

“अंड्यावर टाइम काऊन लिवला व?” आईनं विचारलं.

“पाचव्या दिवशी सकाळी न्यायची आहेत.”

“अन् कोंबळीले सांगतलं का तू, का तुही पोरं पाचव्या दिवशी नेतो म्हून?”

पाचव्या दिवशी भुशाच्या डब्यात अंडी घालून मी एस.टी.त बसले. राजूर घाटाच्या वळणांवर डबा मांडीवर असा धरला होता की शेजारच्या बाईंनी विचारलं, “पेढे आहेत का?” मी म्हटलं, “मज्जासंस्था आहे.” त्या खिडकीकडे सरकल्या.

आता आमच्या घराची दुसरी सवय सांगते, कारण पुढचा सगळा गोंधळ तिच्यामुळे झाला. बाबांचं दुकान म्हणजे आठवडी बाजारात अंथरलेली एक ताडपत्री. तिच्यावर वांगी, मिरच्या, मेथी, कोथिंबीर. आणि प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पिशवीत वरून एक पत्रक. पिवळा कागद, काळी अक्षरं. कधी अंगात येण्याबद्दल, कधी हुंड्याबद्दल, कधी शाळेतल्या मुलींच्या संडासाला कडी नाही त्याबद्दल. मी वाचायला शिकले ती या पत्रकांवर, त्यामुळे मला बरीच वर्षं वाटायचं की प्रत्येक वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह असावंच लागतं. प्रत्येक पत्रकाच्या तळाशी बाबा एक ओळ छापायचे: ‘मजकुरात चूक आढळल्यास याच ताडपत्रीवर येऊन भांडावे.’ आणि चूक खरोखर निघालीच, तर त्यांचा नियम असा की चुकीचं पत्रक ज्या हातांत गेलं त्याच हातांत दुरुस्ती जायला पाहिजे. त्याच रंगाच्या कागदावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत.

आमच्या ताडपत्रीसमोर एक तेलवाला बसायचा. छोटी गाडी, तिच्यावर भोंगा, आणि बाटल्यांवर चिठ्ठी: ‘न्यूरो तेल’. “हातापायाले मुंग्या? तळपाय बधिर? सात दिवसांत नवे मज्जातंतू!” असं तो दिवसभर ओरडायचा. माणूस तसा गोड होता, आईकडून उधारीवर नाही, हक्कानं कढीपत्ता न्यायचा. पण त्याच्या बाटल्या घेणाऱ्यांत साखरेचे पेशंट असायचे. ते दवाखान्याच्या गोळ्या सोडून तेल चोळत बसायचे, आणि हे माझ्या डोक्यात जायचं. मी ठरवलं होतं की माझा मज्जातंतूचा फोटो आला की त्याचं पत्रक काढायचं आणि या भोंग्याला उत्तर द्यायचं.

प्रयोगशाळेत गर्भाचे पातळ काप काढून काचेवर बसवले. ते प्रथिन नेमकं ओळखून त्याला चिकटणारी अँटिबॉडी मॅडमनी खूप खटपट करून मागवली होती. नखात मावेल एवढंच द्रावण, दोन खेपांना पुरेल इतकं. आधी ही अँटिबॉडी घालायची. मग तिला धरून बसणारी दुसरी. शेवटी रंगाचं द्रावण घातलं की जिथे जिथे त्या बसल्या असतील तिथे तपकिरी रंग उमटतो. सोबत एक काच अशी करायची की तिच्यावर पहिली अँटिबॉडी घालायचीच नाही, बाकी सगळं तसंच करायचं. तिच्यावर रंग उमटता कामा नये. मॅडम तिला ‘कोरी काच’ म्हणायच्या आणि सांगायच्या, “आधी कोरी काच बघायची, मग हवी ती.”

मी हवी ती आधी बघितली.

आणि काय दिसलं! कण्याच्या नळीशेजारून निघालेल्या तपकिरी रेषा, फाटे फुटत, पायाच्या फुगवट्यात शिरलेल्या. मी सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाला मोबाइल लावला आणि फोटो काढला. कोरी काच डबीत होती, तिच्यावर झाकणकाच बसवायचा डिंक अजून ओला होता. शिपाईकाका किल्ल्या वाजवत दारात उभे होते, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या गावचा बाजार होता. पत्रकं छापणाऱ्या घरात बाजारासाठी कोणी थांबत नाही आणि बाजार कोणासाठी थांबत नाही. कोरी काच सोमवारी बघू म्हणून मी बस पकडली आणि वाटेत मोताळ्याला उतरून मजकूर छापखान्यात दिला, आणि पत्रकं घेऊनच रात्री घरी पोचले.

‘नवा मज्जातंतू असा उगवतो! तेलाने नव्हे!’ हा मथळा होता. खाली फोटो, आणि फोटोखाली, ‘या रेषा म्हणजे वाढते मज्जातंतू होत!’ एकूण नऊ उद्गारचिन्हं होती.

सकाळी आईनं मेथीच्या जुड्या बांधता बांधता पत्रक हातात घेतलं.

“हे तं अंड्याले टॉर्च लावल्यावर दिसते तसंच दिसून राह्यलं. लाल जाळं असते पाह्य.”

“आई, ते रक्त असतं. हे मज्जातंतू आहेत.”

“असतीन बाप्पा. तू शिकेल हायेस.”

बाजारात मी ताडपत्रीवर बसलेच नाही, उभी राहून वाटत होते. तेलवाल्यानं पत्रक मागून घेतलं, वाचलं आणि भोंग्यावर बोलला, “ओ ताई, तुमच्या फोटोत तं वांग्याचं झाड दिसून राह्यलं!”

“काका, माझ्याकडे निदान फोटो तरी आहे! तुमच्याकडे बाटलीवर काय आहे? वाघ!”

लोक हसले, तोही हसला. मलकापूरकडचे एक आजोबा त्याच्या गाडीशी उभे होते. साखरेमुळे दोन्ही तळपाय बधिर, चप्पल पायातून निघाली तरी कळत नाही असं ते सांगत होते. हातात तेलाची बाटली होती. त्यांनी माझं पत्रक सावकाश वाचलं, फोटो उन्हात धरून पाहिला, आणि बाटली परत गाडीवर ठेवली.

“पोरगी फोटोसकट सांगून राह्यली,” ते म्हणाले. “दवाखान्यात जातो मंग.”

त्या संध्याकाळी माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

सोमवारी मॅडमनी दारातच विचारलं, “कोरी काच पाहिलीस?”

मी डबी उघडली, काच लावली आणि भिंगातून बघितलं. त्याच तपकिरी रेषा, तसेच फाटे, तसाच फुगवटा. जिच्यावर ते प्रथिन ओळखणारं काहीही घातलेलं नव्हतं त्या काचेवर!

मॅडमनी बघितलं आणि कॅन्टीनमधून बटाट्याची एक चकती मागवली. माझ्या टेबलावरच्या हायड्रोजन पेरॉक्साइडच्या बाटलीतला एक थेंब तिच्यावर टाकला. ताजं पेरॉक्साइड बटाट्यावर फसफसतं. हे पाण्यासारखं पडून राहिलं.

“बाटली कधी उघडली होती?”

“आधीच्या बॅचनं.”

“रक्तातल्या तांबड्या पेशी हा तपकिरी रंग स्वतःच चढवून घेतात,” मॅडम म्हणाल्या. “त्यांची ती खोड मोडायला आधी पेरॉक्साइड घालायचं असतं. तुझं मेलेलं होतं. हे मज्जातंतू नाहीत ग. या रक्तवाहिन्या आहेत. तंतू असलेच तर या गर्दीत ओळखू येणार नाहीत.”

आई टॉर्च लावून बघते तेच लाल जाळं. मी ते तपकिरी करून, नऊ उद्गारचिन्हं लावून वाटलं होतं.

“अँटिबॉडी एका खेपेची उरली आहे,” मॅडम म्हणाल्या. “घाई नको. आणि तो चेहरा नीट कर, पहिल्या प्रयोगात माझं झुरळ पळून गेलं होतं.”

मॅडमना पत्रकाचं माहीत नव्हतं. मी सांगितलंही नाही. घाट उतरताना मी सगळा हिशेब जुळवला. दोन आठवड्यांत नवी अंडी, नवं पेरॉक्साइड, खरा फोटो. मग नवं पत्रक काढायचं आणि जुन्याचा उल्लेखच करायचा नाही. तेलानं मज्जातंतू उगवत नाहीत हे तर खरंच होतं! फोटो तेवढा चुकला होता. मी, जी गावातल्या प्रत्येक पुढाऱ्याला ‘चूक कबूल करा’ म्हणून पत्रकातून बजावत आले होते, ती मी एस.टी.च्या खिडकीत बसून अगदी पुढाऱ्यासारखी वाक्यं जुळवत होते.

बाबा मळ्यात मिरच्या तोडत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी कसं झालं ते विचारलं नाही.

“किती हातांत गेलं?”

“सगळी संपली.”

“मंग तेवढेच छापा लागतीन.”

“बाबा, दोन आठवडे थांबू. खरा फोटो येऊ दे.”

“म्हंजे दोन आठवडे लोकाईनं रक्ताले मज्जातंतू म्हनावं?”

“तेलवाला भोंग्यावर हसेल!”

“हसू दे न. हसण्यानं कोणाचा पाय बधिर होते का?”

“हसण्यानं नाही, तेलानं होतो!” मी ओरडले. “ते आजोबा बाटली ठेवून गेलेत, बाबा. उद्या त्यांना कळलं की पोरीचा फोटो खोटा, तर ते दवाखाना सोडतील आणि परत बाटली उचलतील. तुमच्या नियमापायी एका माणसाचा पाय जाईल!”

बाबांनी हातातल्या मिरच्या टोपलीत टाकल्या. माझं म्हणणं त्यांना लागलं होतं, आणि ते खोडून काढता येत नव्हतं हे मलाही दिसत होतं.

“अन् त्याईले दुसऱ्या कोणाकडून कळलं तं?” ते म्हणाले. “मंग ते तुह्या फोटोवरच नाही, दवाखान्यावरही इश्वास ठेवणार नाही. आपून सांगू. अन् काय झालं ते पुरं सांगू, कोऱ्या काचेसकट.”

आई मेथीच्या वाफ्यातून म्हणाली, “अन् टॉर्चचंही लिवजो.”

पुढच्या बाजाराला पिवळा कागद, तेवढीच अक्षरं: ‘मागच्या पत्रकातला फोटो चुकीचा होता.’ खाली मी सगळं लिहिलं. कोरी काच म्हणजे काय, ती आधी बघायची असते, मी बघितली नाही, अँटिबॉडीचं औषध न घातलेल्या काचेवरही तोच रंग आला म्हणून कळलं की रंग औषधामुळे नव्हता. आणि आईनं आधीच ओळखलं होतं. यावेळी उद्गारचिन्ह एकही नव्हतं. मी शोधून शोधून काढली.

तेलवाल्यानं पत्रक वाचलं आणि त्याचा चेहरा दिवाळीसारखा उजळला. त्यानं भोंगा आमच्याकडे वळवला.

“ऐका हो मंडळी! मागच्या बाजाराले जे वांग्याचं झाड पाह्यलं, ते वांग्याचं झाडच निंगालं!” आणि त्यानं माझी दुरुस्ती भोंग्यावर पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचून दाखवली, मध्ये मध्ये थांबून, चवीनं. माझे कान तापले होते. बाबा मात्र वांगी मोजता मोजता खूश दिसत होते.

“काय झालं?” मी चिडून विचारलं.

“आपला भोंगा नव्हता,” बाबा म्हणाले. “आता झाला.”

गर्दीत ते आजोबा होते. ते पुढे झाले, सरळ तेलाच्या गाडीशी गेले आणि बाटली उचलली.

“हे कोऱ्या काचेचं मले पटलं,” ते तेलवाल्याला म्हणाले. “माहे पाय दोन हायेत. एकाले तेल लावतो, एकाले नाही. दोन्ही सारखेच राह्यले तं समजावं का तेलात काही नाही. बराबर?”

तेलवाला भोंगा चालू आहे हे विसरला. “तसं नाही चालत आजोबा. तेल एका पायातून रक्तातून दुसऱ्या पायाले जाते.”

“मंग मले अर्धीच बाटली दे. एकाच पायाचं.”

भोंग्यावरून हे साऱ्या बाजारानं ऐकलं. हसण्याची लाट मिरच्यांपासून निघाली ती कापडाच्या दुकानांपर्यंत गेली. “दे न बे अर्धी!” कोणीतरी ओरडलं. तेलवाल्यानं भोंगा बंद केला, पण आता लोक गाडीभोवती जमले आणि ज्याला त्याला विचारू लागले: ज्यांनी लावलं नाही त्यांचं काय झालं, ते कोणी पाहिलं का?

मी आजोबांच्या मागे धावले. “आजोबा, दवाखाना सोडू नका. फोटो माझा चुकला, दवाखाना चुकलेला नाही.”

“गेल्तो न,” ते म्हणाले. “साखर लय निंगाली. गोळ्या देल्ल्या, तळपाय रोज पाहाले सांगतले. तू काऊन रडून राह्यली?”

“रडत नाहीये, कांदे आहेत.”

“कांदे तं तिकळे हायेत,” आजोबा म्हणाले आणि गेले.

दोन आठवड्यांनी मी परत डबा मांडीवर घेऊन घाट चढले. नवं पेरॉक्साइड बटाट्यावर असं फसफसलं की मॅडम म्हणाल्या, “बास, आता त्याची भजी होतील.” या वेळी मी कोरी काच आधी लावली. ती कोरी होती. फिकट, रिकामी, कंटाळवाणी. इतकी सुंदर रिकामी गोष्ट मी त्याआधी पाहिली नव्हती. मग दुसरी लावली. रक्तवाहिन्या गायब झाल्या होत्या, आणि त्यांच्या जागी नाही, अगदी वेगळ्या ठिकाणी, कण्याच्या नळीच्या पोटाकडच्या कोपऱ्यातून बारीक तपकिरी धाग्यांची एक जुडी निघाली होती. पायाच्या फुगवट्याच्या तोंडाशी ती जुडी सुटली होती आणि तिथून एकेक धागा आपापला आत निघाला होता. टोकांशी रंग गडद होता.

कॉलेजच्या प्रदर्शनाला मी आईला आणलं. तिनं एक डोळा मिटून खूप वेळ बघितलं.

“हे नाही दिसत टॉर्चमंदी,” ती म्हणाली. मग जरा थांबून, “अन् हे सारं पाचव्याच दिवशी? अन् ती कोंबळी वरतून नुसती बसेल राह्यते? तिले काहीच मालूम नाही?”

“नाही.”

“चांगलं हाये,” आई म्हणाली. “मालूम असतं तं तिनं लय लुडबुड केली असती.”

मॅडमनी प्रकल्पात चुकीचा फोटोही लावायला लावला, कोऱ्या काचेशेजारी, कारणासकट. परीक्षकांनी सगळ्यात जास्त प्रश्न त्याच पानावर विचारले, आणि मला सगळी उत्तरं आली. तेलवाला अजून येतो. चिठ्ठीवरून ‘न्यूरो’ गेलंय, आता ते नुसतं मालिशचं तेल आहे, आणि आई कंबरेला लावते.

आमच्या बाजारातल्या हातांपर्यंत दुरुस्ती बहुतेक पोचली. महिनाभर लोक नियमाप्रमाणे ताडपत्रीवर भांडायला येत होते आणि भांडून मेथी घेऊन जात होते. पण पहिल्या पत्रकाचा कोणीतरी मोबाइलवर फोटो काढला होता, आणि मोबाइलला बाजार नसतो. तो फोटो मला वरवट बकालच्या मावशीनं पाठवला. मग हिवरा आश्रमाकडच्या एका मैत्रिणीनं, ‘जरूर वाचा, पुढे पाठवा’ असं वर लिहून. पिवळा कागद, मथळ्यात दोन उद्गारचिन्हं, फाटे फुटलेल्या रेषा. दुरुस्तीचा फोटो मात्र कोणी पाठवत नाही. चुकीत मजा असते, दुरुस्तीत नसते. हे हात मला माहीत नाहीत. त्यांच्यापर्यंत मी ताडपत्री घेऊन जाऊ शकत नाही.

म्हणून हे तुमच्यावर सोपवते. तो पिवळा फोटो तुमच्या मोबाइलवर आला तर नुसता पुसून टाकू नका. ज्यानं पाठवला त्याला लगेच उलट लिहा की या रेषा रक्तवाहिन्या आहेत, मज्जातंतू नाहीत, आणि हे जिनं छापलं तीच सांगते आहे. त्याला तो कोणी पाठवला ते विचारा, आणि त्यालाही हेच लिहायला सांगा.